पणजी चॉक्टॉ होती म्हणतात. कागद काय म्हणतो?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्या ताई डॅलसजवळ राहतात, माहेर साताऱ्याचं, नवरा अमेरिकन. नवऱ्याची पणजी, म्हणजे सासूबाईंची आजी, चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ जमातीची होती असं त्या घरात सांगत आले आहेत. ओक्लाहोमातल्या ह्यूगोच्या बाजूची. नवऱ्यानं घरबसल्या करायची डीएनए चाचणी केली, तिच्यात ३ टक्के 'नेटिव्ह अमेरिकन' आलं. आता मुलांना जमातीचा दाखला मिळेल का, रक्ताचं प्रमाण कसं सिद्ध करायचं, आणि ३ टक्के पुरतात का, असं त्यांनी विचारलं आहे. मी फोर्ट वर्थला राहते आणि या भागातल्या घराण्यांचे जुने कागद शोधून देणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावूनच सांगते.

ताई, ते ३ टक्के आधी बाजूला ठेवा. त्या कंपन्यांकडे तुलनेसाठी जे नमुने असतात त्यांत अमेरिकेतल्या जमातींचे लोक फार थोडे असतात. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडचे जास्त. त्यामुळे चाचणी फार तर 'मूळ अमेरिकी वंशाचा अंश दिसतो' इथवर येते. तो चॉक्टॉ, चेरोकी की आणखी कुणाचा, हे तिला कळत नाही. शिवाय पणजीकडून येणारा वाटा सगळ्या पतवंडांना सारखा मिळत नाही; सख्ख्या भावंडांचे आकडेसुद्धा वेगळे निघतात. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपल्या चाचणीचा निकाल जाहीर केला, तेव्हा चेरोकी नेशननं, म्हणजे त्या जमातीच्या स्वतःच्या सरकारानं, उघड नाराजी व्यक्त केली होती. आपला नागरिक कोण हे ठरवण्याचा अधिकार जमातीचा आहे, आणि १९७८ च्या सँटा क्लारा पुएब्लो खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही तेच मानलं. चाचणीचा उपयोग एकच: जमातीच्या जुन्या यादीतल्या एखाद्या घराण्याचा चुलत-मावस भाऊ जुळला, तर कुठल्या आडनावामागे लागायचं याचा सुगावा मिळतो. अर्जाला मात्र तो निकाल जोडू नका.

मग सिद्ध काय करायचं? १९०७ मध्ये बंद झालेल्या एका यादीत एक नाव आहे, आणि त्या नावापासून तुमच्या मुलांपर्यंत दर पिढीचा आईबाप-मूल हा दुवा सरकारी कागदानं जोडलेला आहे, एवढंच. रक्त आज कुणी मोजत नाही आणि तेव्हाही कुणी मोजलं नव्हतं.

त्या यादीला डॉज रोल म्हणतात. ती का झाली हे माहीत असलं की तिच्यातल्या खाचाखोचा आपोआप कळतात. चॉक्टॉंची ओक्लाहोमातली जमीन सगळ्या नेशनची सामाईक होती. ती माणशी तुकडे करून वाटायची आणि उरलेली विकायची, असं वॉशिंग्टननं ठरवलं. त्यासाठी १८९३ मध्ये हेन्री डॉज यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि १८९८ च्या कर्टिस कायद्यानं वाटणी पाचही जमातींवर लादली: चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल. वाटणी करायची तर वाटेकरी कोण हे आधी ठरायला हवं, म्हणून यादी. जमीन मिळणार म्हटल्यावर जे होतं तेच झालं. अडीच लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि एक लाखाच्या थोडी वर नावं मंजूर झाली. नाकारलेल्यांत भामटे पुष्कळ होते आणि खरे चॉक्टॉही होते. उलट काही जुन्या वळणाच्या मंडळींनी ही वाटणीच मान्य नाही म्हणून नाव द्यायचं नाकारलं. त्यांतल्या कित्येकांची नावं शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घातली गेली.

इथे एक सापळा आहे. १८९६-९७ मध्ये आयोगानं नाकारलेले पुष्कळ अर्जदार फेडरल कोर्टात गेले आणि जिंकले. त्यांचे निकाल आजही सापडतात आणि घरच्यांना वाटतं, झालं, कोर्टानंच चॉक्टॉ ठरवलंय की! पण १९०२ मध्ये खास चॉक्टॉ-चिकसॉ नागरिकत्व न्यायालय स्थापन झालं आणि १९०४ अखेरपर्यंत त्यानं त्यातले बहुतेक निकाल फिरवले. (जमातींच्या बाजूनं लढलेल्या वकिलांच्या फर्मला त्याबद्दल साडेसात लाख डॉलर फी मिळाली. त्या काळचे!) तेव्हा १८९७ चा निकाल हातात पडला तरी अंतिम यादीत नाव आहे की नाही ते पाहिल्याशिवाय हुरळून जाऊ नका.

अंतिम यादी ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येते. पण यादी म्हणजे नुसती ओळ: नाव, वय, लिंग, रक्त, कार्ड नंबर, रोल नंबर. खरा जीव आहे तो त्यामागच्या कार्डात आणि अर्जाच्या पाकिटात. राष्ट्रीय अभिलेखागारात कार्डं एम११८६ या मायक्रोफिल्ममध्ये आहेत आणि पाकिटं एम१३०१ मध्ये. दोन्ही आता ऑनलाइनही पाहता येतात.

कार्ड आडवं, छापील, शाईनं भरलेलं. वर पत्त्याचं पोस्ट ऑफिस आणि चॉक्टॉ नेशनमधली कौंटी. ही कौंटी आजची नव्हे. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा जुन्या कौंट्या मोडल्या. ह्यूगो आज चॉक्टॉ कौंटीत आहे, त्या वेळी किआमिटिया कौंटीत होतं. डाव्या कडेला रोल नंबर, मग नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, लिंग, आणि तुम्हाला हवा तो 'ब्लड'चा रकाना. त्यात 'फुल' किंवा १/२, १/४, १/८ असं लिहिलेलं असतं. जमातीत लग्न करून आलेला गोरा नवरा किंवा बायको असेल तर 'आय. डब्ल्यू.'. पुढे आधीच्या जमातीय यादीतली नोंद, बहुधा १८९६ ची. खालच्या अर्ध्या भागात त्याच ओळीच्या क्रमानं प्रत्येकाच्या बापाचं आणि आईचं नाव, ते हयात की मयत, कुठल्या कौंटीचे. म्हणजे पणजी कार्डावर चार वर्षांची पोर असली तरी तिचे आईबाप आणि आजीआजोबा अशा आणखी दोन पिढ्या तिथेच हाती लागतात. मधूनच एखाद्या नावावर आडवी रेघ आणि शेरा असतो: '२५ सप्टेंबर १९०२ पूर्वी मयत'. त्या दिवशी हयात नसलेल्याला वाटणीत हक्क नव्हता, त्यामुळे त्याला रोल नंबरही नाही. असं रेघ मारलेलं नाव तुमची पणजी म्हणून धरता येत नाही. थेट रेषेतलंच जिवंत राहिलेलं कुणीतरी, तिचं मूल किंवा तिचे आईबाप, यादीत शोधावं लागतं.

कार्ड नंबर आणि रोल नंबर यांची गल्लत तर रोजची. कार्ड नंबर घरटी असतो, रोल नंबर माणशी. आणि रोल नंबर गटागटानं वेगळे सुरू होतात. 'बाय ब्लड' हा मुख्य गट, मग १९०५ च्या कायद्यानं घातलेली 'न्यूबॉर्न' मुलं, १९०६ च्या कायद्यानं घातलेली 'मायनर' मुलं, लग्नानं आलेले गोरे, आणि फ्रीडमेन, म्हणजे चॉक्टॉंनी पूर्वी ठेवलेले काळे गुलाम आणि त्यांचे वंशज. त्यामुळे २०० नंबरचा मुख्य यादीतला माणूस आणि २०० नंबरचं न्यूबॉर्न मूल या दोन वेगळ्याच व्यक्ती. म्हणून अर्जात नंबरासोबत गटही लिहा.

आता तो अपूर्णांक. आयोगाची माणसं गावोगावी तंबूत किंवा एखाद्या इमारतीत टेबल मांडून बसत. समोरच्याला विचारत, आई काय, बाप काय, आणि मिळेल ते उत्तर लिहीत. कधी जुनी यादी पाहत, कधी चेहरा पाहत. एकाच आईबापाची दोन लेकरं, थोरलीचं लग्न होऊन वेगळं कार्ड झालेलं, आणि दोघींपुढे वेगवेगळे अपूर्णांक, हे मी पुष्कळदा पाहिलंय. असं असलं तरी १९०८ च्या कायद्यानं ठरवून टाकलं की रक्ताच्या प्रमाणाबाबत ही यादीच अंतिम पुरावा. तो कायदा काही वंशशास्त्राच्या आवडीनं केलेला नव्हता. ज्याचं रक्त निम्म्याहून कमी, त्याच्या जमिनीवरचं विक्रीबंदीचं संरक्षण पूर्ण उठलं; निम्मं ते पाऊण असेल तर फक्त घराच्या तुकड्यावर संरक्षण राहिलं; पाऊण आणि त्यावर असेल तर सगळ्यावर. म्हणजे तुमच्या पणजीपुढचा १/२ हा तिची जमीन कोण विकत घेऊ शकेल हे सांगणारा आकडा होता. त्याच आकड्यावर आज आपण नातवंडांची ओळख काढतो, हे मला कायम विचित्र वाटत आलं आहे. पण अर्ज भरायचा तर तो हिशेब करावाच लागतो.

हिशेब सोपा: आईचं अधिक बापाचं, भागिले दोन. समजा कार्डावर पणजीपुढे १/२ आहे आणि पणजोबा यादीत नाहीत. तिचा मुलगा, म्हणजे सासूबाईंचे वडील, १/४. सासूबाई १/८, तुमचा नवरा १/१६, मुलं १/३२. तुमच्या बाजूनं शून्य. साताऱ्याच्या 'इंडियन'ला या रकान्यात जागा नाही. पण पणजोबासुद्धा १/४ म्हणून यादीत सापडले, तर सासूबाईंचे वडील ३/८ होतात आणि मुलं ३/६४ वर येतात. म्हणून एक नाव मिळालं की लगेच थांबू नका, तिच्या नवऱ्याचंही नाव तपासा. आणखी एक. ज्या व्यक्तीचं स्वतःचं नाव यादीत आहे तिच्यापुढे जे लिहिलंय तेच धरतात. पणजीची आई 'फुल' आणि बाप गोरा असताना पणजीपुढे १/४ लिहिलं असलं, तरी 'हे चुकलंय, १/२ हवं' असा वाद अर्जात घालून काही हाती लागत नाही.

या प्रमाणाचा जो सरकारी दाखला मिळतो त्याला सीडीआयबी म्हणतात. तो मूळचा फेडरल सरकारच्या ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सचा. चॉक्टॉ नेशनच्या बाबतीत ते काम ड्युरंटमधलं नेशनचं स्वतःचं कार्यालय पाहतं. आणि सदस्यत्व ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. सीडीआयबी रक्ताचं प्रमाण सांगतो, सदस्यत्वानं तुम्ही नेशनचे नागरिक होता. चॉक्टॉ नेशन ऑफ ओक्लाहोमाच्या १९८३ च्या घटनेत सदस्यत्वाला किमान प्रमाणाची अटच नाही. अंतिम यादीतल्या 'बाय ब्लड' व्यक्तीचे थेट वंशज असलात की पुरे, मग १/३२ असो की १/५१२. म्हणून तर सदस्यसंख्या दोन लाखांच्या वर आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं: पुरण्या-न पुरण्याचा प्रश्नच इथे येत नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र अपूर्णांक फार काळ छळत राहिला. १९४७ च्या स्टिगलर कायद्यानुसार वारसाचं रक्त निम्म्याखाली गेलं की संरक्षित जमिनीचं संरक्षण संपायचं. ती अट २०१८ च्या अखेरीला निघाली.

मराठी वाचकाला इथे जात पडताळणी आठवणार. १९५० च्या आधीचा पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. सवय म्हणून ती उपयोगाचीच आहे, पण दोन ठिकाणी ती दिशाभूल करते. आपल्याकडे भर बापाच्या बाजूवर. इथे आई किंवा बाप, कुठलीही बाजू चालते, आणि तुमच्या प्रकरणात वाट सासूबाईंकडूनच जाते. दुसरं, आपल्याकडे चुलत आजोबांच्या नोंदीचा आधार घेता येतो. इथे थेट रेषेतलाच पूर्वज हवा. पणजीचा भाऊ यादीत आहे आणि पणजी नाही, तर दाखला नाही.

सुरुवात पणजीपासून करू नका, नवऱ्यापासून करा. आणि त्याहीआधी एक फोन: सासूबाईंची भावंडं, चुलत-आत्ये भावंडं यांच्यापैकी कुणाकडे सीडीआयबी आहे का? असेल तर वरची साखळी नेशनच्या फायलीत आधीच जोडलेली आहे, तुम्हाला फक्त आपली फांदी तिला जोडायची. महिनोन्‌महिने घालवून शेवटी मामेभावाच्या पाकिटात कार्ड निघालेली घरं मला माहीत आहेत.

तसं कुणी नसेल तर क्रमानं: मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याचा, सासूबाईंचा, त्यांच्या वडिलांचा. दाखला राज्य सरकारनं प्रमाणित केलेला, पूर्ण नमुन्याचा, आईबापांची नावं असलेला हवा. बाळाच्या पावलांचे ठसे असलेलं हॉस्पिटलचं देखणं प्रमाणपत्र कितीही जपून ठेवलेलं असलं तरी ते चालत नाही. खिशात मावणारा आखूड नमुना, ज्यावर आईबापांची नावं नसतात, तोही चालत नाही. यादीतल्या पणजीला आणि तिच्या मुलाला जोडणारा कागद सगळ्यात मोलाचा: मुलाचा जन्मदाखला, नाहीतर त्याचा मृत्युदाखला, ज्यावर आईचं माहेरचं नाव असतं. लग्नानं आणि पुनर्विवाहानं बायकांची नावं बदलत जातात, तेव्हा विवाहाचे दाखलेही मागवा. यादीत ती बहुधा माहेरच्या नावानं, लहान मुलगी म्हणून असणार.

साखळी तुटते ती बहुतेक १९०७ ते १९३० च्या दरम्यान. ओक्लाहोमात जन्म-मृत्यूची राज्य नोंदणी १९०८ मध्ये सुरू झाली, पण खेड्यापाड्यांत ती कित्येक वर्षं नावालाच होती. बाळंतपणं घरी व्हायची, सुईण नोंद करायला कशाला जाईल? पुढे सोशल सिक्युरिटी आणि युद्धकाळातल्या नोकऱ्यांसाठी जन्माचा पुरावा लागू लागला, तेव्हा लोकांनी मोठेपणी 'उशिराचे' दाखले काढले. तुमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या वडिलांच्या, कागदांत वेळ घालवू नका. सासूबाईंच्या वडिलांचा असा उशिराचा दाखला आहे का ते पाहा. नसेल तर त्यांनी सोशल सिक्युरिटी नंबरासाठी भरलेला मूळ अर्ज, एसएस-५, मागवा. त्यावर माणसानं आपल्या हातानं आईबापांची नावं लिहिलेली असतात.

आणि कौंटी कोर्ट. ह्यूगोच्या कोर्टात जायला दिवस काढा, कारण तुमच्या पणजीचा कागद असण्याची सगळ्यात मोठी शक्यता मला तिथे वाटते. चॉक्टॉ आणि चिकसॉ माणसाला साधारण ३२० एकरांच्या किमतीची जमीन वाटून मिळाली, लहान मुलांनासुद्धा. १९०८ च्या त्याच कायद्यानं अल्पवयीन मुलांच्या जमिनीचा कारभार राज्याच्या कौंटी कोर्टांकडे दिला. कोर्टानं गोरे वकील, व्यापारी, बँकवाले पालक म्हणून नेमले आणि त्यांतल्या अनेकांनी पोरांच्या जमिनी, लाकूडफाटा, तेलाचे पट्टे फी आणि खर्चाच्या नावाखाली गिळले. हा ओक्लाहोमाच्या इतिहासातला उघड डाग आहे. पण त्या लुबाडणुकीनं मागे कागदांचे ढीग ठेवले: पालक नेमल्याचा अर्ज, मुलीचा रोल नंबर, नातलगांच्या साक्षी, तिच्या लग्नानंतर बदललेलं नाव, पुढे ती वारली तेव्हाचा वारस ठरवल्याचा हुकूम आणि त्यात मुलांची नावानिशी यादी. वारसाचा असा एक हुकूम तुटलेल्या दोन दुव्यांचं काम करतो. पणजीचा तुकडा कुठे होता ते वाटणीच्या नकाशावर रोल नंबरावरून काढा आणि त्या जमिनीची खरेदीखतं आजपासून मागे वाचत जा. जमिनीच्या कागदात माणूस सापडतो, हे तुम्हाला साताऱ्यात वेगळं शिकवायला नको.

१९०० ची जनगणनाही पाहा. इंडियन वस्तीसाठी तिच्यात वेगळा तक्ता होता, त्यात स्वतःची, बापाची आणि आईची जमात आणि गोऱ्या रक्ताचं प्रमाण असे रकाने आहेत. १९१० मध्येही तसंच. दाखला म्हणून जनगणना एकटी पुरत नाही, पण कोण कुणाच्या घरात होतं ते कळतं. व्हीलॉक, जोन्स, गुडलँड या शाळांची नावं घरच्या गोष्टींत येत असतील तर लिहून ठेवा. आणि नावांच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. शेवटी 'टबी' किंवा 'अबी' असलेली जुनी चॉक्टॉ नावं कारकुनानं कानाला ऐकू येतील तशी लिहिली, एकाच माणसाची चार कागदांवर चार तऱ्हेनं. बापाचं पहिलं नाव मुलाचं आडनाव झालेलंही दिसतं, त्यामुळे भावाभावांची आडनावं निराळी असली तर दचकू नका.

आता यादीत नाव नाहीच सापडलं तर. पहिली शक्यता, पणजीचं कुटुंब मिसिसिपीतून आलेलं. १८३० च्या डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहानं चॉक्टॉंना मिसिसिपी सोडावं लागलं आणि १८३१ ते १८३३ दरम्यान हजारो लोकांना पश्चिमेला हाकललं गेलं. थंडीनं आणि कॉलऱ्यानं वाटेत किती गेले याची मोजदाद नाही. त्या तहाच्या १४ व्या कलमात मागे राहू इच्छिणाऱ्यांना सहा महिन्यांत एजंटाकडे नाव नोंदवून कुटुंबप्रमुखामागे ६४० एकर घेण्याची सोय होती. एजंट विल्यम वॉर्ड यानं नावं नोंदवून घ्यायलाच टाळलं. हजारो लोक मागे राहिले असताना त्याच्या वहीत फक्त ६९ कुटुंबप्रमुख आले. सत्तर वर्षांनी डॉज आयोगानं मिसिसिपीतल्या वंशजांना विचारलं, तुमच्या पूर्वजानं १४ व्या कलमाखाली नाव नोंदवलं होतं का? ज्याचं नाव घ्यायलाच नकार दिला होता त्यानं पुरावा आणायचा कुठून? त्या नाकारलेल्या अर्जांच्या फायली 'एमसीआर' शेऱ्यानं राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतल्या साक्षी वाचायला वंशावळीचा खजिना आहे, चार-चार पिढ्यांची नावं एकेका जबानीत. दाखल्यासाठी मात्र त्यांचा उपयोग शून्य. एमसीआरची फाईल मिळाली म्हणून आनंदानं मला कळवणाऱ्यांना हेच सांगावं लागतं.

मिसिसिपीत राहिलेल्यांची आज वेगळी जमात आहे, मिसिसिपी बँड ऑफ चॉक्टॉ इंडियन्स, १९४५ पासून मान्यताप्राप्त. तिथे सदस्यत्वाला किमान निम्मं चॉक्टॉ रक्त लागतं. तुमची मुलं त्या वाटेनं जाऊ शकत नाहीत. त्या अटीमुळे तिथल्या तरुण मुलामुलींना लग्न ठरवतानाच पुढच्या पिढीचा अपूर्णांक डोक्यात घोळवावा लागतो. ओक्लाहोमाची मोकळीक की मिसिसिपीची कसोटी, हे ठरवणं त्यांचं काम, माझं नाही. पण तीच भाषा आणि तेच पूर्वज असलेल्या दोन जमातींत एकीकडे १/५१२ चालतो आणि दुसरीकडे ७/१६ चालत नाही, हे ऐकलं की रक्ताचं प्रमाण म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे एवढं तरी कळतं. तिसरी जमात लुईझियानातली जीना बँड, १९९५ मध्ये मान्यता मिळालेली, अगदी लहान. फेडरल मान्यता असलेल्या चॉक्टॉ जमाती या तीनच.

दुसरी शक्यता, पणजीचं नाव फ्रीडमेनच्या यादीत असणं. ताई, सासरी हा विषय जपून काढा, पण काढा. चॉक्टॉंमध्येही काळे गुलाम ठेवलेले होते. १८६६ च्या तहानंतर ते मुक्त झाले आणि १८८० च्या दशकात नेशननं त्यांना नागरिक म्हणून सामावून घेतलं. आयोगानं मात्र त्यांची यादी वेगळी केली आणि त्यात रक्ताचा रकानाच ठेवला नाही. काळ्या आईचं मूल फ्रीडमन धरलं, मग बाप यादीतला चॉक्टॉ असला तरी. जमीन ३२० ऐवजी ४० एकर. १९८३ च्या घटनेतल्या 'बाय ब्लड' या दोन शब्दांनी त्यांचे वंशज आज बाहेर आहेत. चेरोकींच्या बाबतीत २०१७ मध्ये फेडरल न्यायालयानं फ्रीडमेनच्या वंशजांचा हक्क मान्य केला. चॉक्टॉंकडे दार अजून बंद आहे. कारकुनानं कुठल्या वहीत नाव घातलं यावर रक्त 'होतं' की 'नव्हतं' ते ठरलं, याहून मोठा पुरावा या पद्धतीविरुद्ध मला माहीत नाही.

तिसरी आणि सगळ्यात जास्त वेळा खरी निघणारी शक्यता: पणजी चॉक्टॉ नव्हतीच. इंडियन टेरिटरीत, म्हणजे राज्य होण्यापूर्वीच्या पूर्व ओक्लाहोमात, त्या काळी गोऱ्यांची वस्ती चॉक्टॉंपेक्षा कितीतरी जास्त होती. ते नेशनच्या जमिनीवर परवान्यानं राहत, चॉक्टॉ शेजारी, चॉक्टॉ गावाचं पोस्ट ऑफिस. 'पणजी चॉक्टॉ नेशनमध्ये जन्मली' याचं दोन पिढ्यांनी 'पणजी चॉक्टॉ होती' होतं. गोष्टीत 'राजकन्या' हा शब्द आला तर तर अधिकच सावध व्हा, चॉक्टॉंमध्ये राजकन्या नसत.

शेवटी एक सावधगिरी. शोध अडला की इंटरनेटवर 'ट्रायबल मेंबरशिप कार्ड' फीवर देणारे गट हमखास भेटतात, डीएनए निकालावरसुद्धा कार्ड देतात. ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स दर वर्षी मान्यताप्राप्त जमातींची यादी प्रसिद्ध करतं. तिच्यात नाव नसेल तर त्या कार्डानं आरोग्यसेवा, शिष्यवृत्ती काहीच मिळत नाही. अलाबामातल्या मोवा बँडसारख्या फक्त राज्यमान्य जमातींची गोष्ट वेगळी, त्या खऱ्या वस्त्या आहेत, पण त्यांचं सदस्यत्व म्हणजे सीडीआयबी नव्हे. आणि ड्युरंटला अर्ज पाठवताना झेरॉक्स चालत नाही, राज्याच्या शिक्क्याच्या प्रती लागतात. म्हणून सासूबाईंच्या वडिलांचा दाखला मागवाल तेव्हा एकदम दोन प्रती मागवा. उद्या सासूबाईंच्या भावंडांनाही तोच लागणार आहे.